नको म्हणजे नको

जर्मन माणूस एकदा "नो" म्हणाला की विषय संपला, पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हे हेमलतानं निर्यातीच्या ऑनलाइन कोर्समध्ये घोकून घोकून पाठ केलं होतं.

म्हणून जळगावच्या तिच्या कारखान्यात आलेल्या जर्मन खरेदीदार डिटरसाहेबांनी चटईचा भाव ऐकून "नो" म्हटलं, तेव्हा तिनं हसतमुखानं नमुने गुंडाळून ठेवले. दुपारी पिंप्राळ्याच्या घरी भरीत-पुरी परत वाढायला गेली, तर पुन्हा "नो". तिनं पातेलं सरळ आत नेलं.

सासूबाई कळवळल्या, "अगं, पाहुणा उपाशी उठला! आग्रह तरी करायचा!"

"आई, त्यांच्याकडे नाही म्हणजे नाहीच."

तासाभरानं भुसावळ स्टेशनाबाहेरून, साहेबांना गाडीवर सोडायला गेलेल्या ड्रायव्हर नवलचा फोन आला. "ताई, साहेब चौथी कचोरी खाऊन राहिले. म्हणताय, त्यांच्या कोर्समध्ये शिकवेल होतं, भारतात कोणी काही दिलं तर आधी दोनदा नाही म्हणायचं, मग घ्यायचं."




काखेत चटई अन् हातात भरिताचं पातेलं घेऊन, फोन खांद्यानं कानाशी दाबून हेमलता फाटकात धावली. "नवल, गाडी फिरव! भरिताचा एक 'नो' बाकी आहे, अन् चटईचाही!"