हळदीला शिकवलेलं नाही

"तांबडा लिटमस तांबडाच राहिला. म्हणजे पाणी चांगलं," कुंभोजकर सर म्हणाले.

नववीच्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांत गावाजवळच्या कारखान्याने शाळेला भेट दिलेल्या स्मार्ट लेन्स होत्या, त्यामुळे सगळ्यांना तसंच दिसलं. हात मात्र सगळेच खाजवत होते.

मैथिलीने दप्तरातून हळद चोळलेला कागद काढला आणि त्यावर नळाच्या पाण्याचा थेंब टाकला. डाग कुंकवासारखा लाल झाला.

"सर, साबणाने हळद अशीच लाल होते. आपल्या पाण्यात आम्लारी आहे."

"मग लेन्समधून लिटमस निळा का नाही दिसला?"

"लेन्सला फक्त लिटमस लपवायला शिकवलंय. हळद कोण शिकवणार?"

सरांनी दार लोटून घेतलं. "पोरी, आज हे कळलं की कारखानेवाले लेन्स अपडेट करतील. उद्या हळदसुद्धा पिवळीच दिसेल."

"दिसू दे! उद्या जीवशास्त्राला फुलाचे भाग आहेत. जास्वंद आणायला तुम्हीच सांगितलंय. कागदावर चोळून हे पाणी टाकलं की तिचाही रंग बदलतो."

सरांनी आपलं खाजणारं मनगट चोळलं. मग खडू उचलून फळ्यावरच्या 'जास्वंद'पुढे लिहिलं, 'प्रत्येकी दोन. एक कापायला, एक चोळायला.'