विरघळलेला पडदा

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "काका, हाड छान भरलंय. आता दात बसवू."

"पण हाडावर घातलेला तो पडदा काढायचा राहिलाय ना?" तात्यांनी चाचरत विचारलं.

"तो कधीच विरघळला! हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. हाडाची जागा हिरडीने बळकावू नये, तेवढ्यापुरताच तो मध्ये होता."

तात्यांची पत्नी गेल्यावर मुलगी, वैजू, नागपूरहून आली ती इथेच राहिली. सांत्वनाला येणाऱ्यांचा लोंढा तिने दारातच थोपवला, तात्यांना हळूहळू सावरू दिलं. हल्ली कुकरही तात्याच लावत. तिकडे तिचा संसार खोळंबला होता, पण ती निघायचं म्हणाली, की तात्या गाल धरून म्हणत, "हाड भरू दे गं."

बाहेर बाकावर वैजूने विचारलं, "काय म्हणाल्या, बाबा? अजून थांबायचं?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तात्यांनी दाताच्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवली.

"भरलंय. तू तिकीट काढ."

"आणि जेवणाखाण्याचं?"

"भात जरा चिकट होतो," ते म्हणाले. "पण होतो."