दहा बोटं

"मला बोटं मोडायचीत," द्वारकाआजी म्हणाल्या.

माझं पेन थांबलं. संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली त्यांची बोटं नीट मिटतही नव्हती. मी घरी येऊन शुश्रूषा करणारी नर्स. शुश्रूषेच्या आराखड्यात ‘रुग्णाचं उद्दिष्ट’ असा एक रकाना असतो. तिथं लोक जिना चढणं, वेणी घालणं असलं काहीतरी सांगतात.

"कुणाच्या नावानं?" मी हसत विचारलं. आजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून सुनेनं पातेलं आदळल्याचा आवाज आला.

मी रकान्यात ‘बोटं मिटता येणं’ एवढंच लिहिलं. रोज सकाळी हात कोमट पाण्यात बुडवायचे, मग मऊ कणकेचा गोळा दाबायचा, असं ठरवलं. गोळा सूनच मळून द्यायची, पण फुगलेल्या तोंडानं. "माझ्याच नावानं मोडणार आणि त्याची तयारीही मीच करायची," ती मला दारात म्हणाली.

सातव्या आठवड्यात आजींनी तिला हाक मारली. "बस अशी समोर. चार महिने मला न्हाऊ घालतेयस, भरवतेयस. दृष्ट लागेल तुला." त्यांनी सुनेच्या चेहऱ्यावरून सावकाश हात फिरवले आणि बोटं मिटून आपल्या कानशिलांवर दाबली.

एकच करंगळी कडकन वाजली.

मी रकान्यापुढे ‘साध्य’ लिहायला पेन काढलं. सून डोळे पुसत हसत होती.

"थांबा सिस्टर, अजून नऊ राहिलीत," ती म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.