घराला एकच प्रश्न

पंचाहत्तरी उलटलेल्यांना भिंतीतला आवाज रोज सकाळी सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारायचा. कधी टीव्ही मालिकांवर, कधी इतिहासावर, कधी खेळांवर. ज्याचं उत्तर चुकेल, त्याला दुपारची गाडी स्मृती-निवासात घेऊन जायची. तिथून कुणी परत आलेलं नव्हतं.

घराला प्रश्न एकच असे. आधी कमलाकरराव उत्तर देत, मग विजयाबाई कणीक मळता मळता तेच म्हणत. त्यांना या रोजच्या परीक्षेचा वीट आला होता.

"कबड्डीत एका संघाचे किती खेळाडू मैदानात उतरतात?" आज आवाजाने विचारलं.

विजयाबाईंना हायसं वाटलं. कमलाकरराव तर तरुणपणी कबड्डी संघाचे कप्तान.

"अकरा," कमलाकरराव ठामपणे म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

विजयाबाईंचे हात परातीत थांबले. लग्नानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी त्यांनी या माणसाच्या संघाचे सात गंजीफ्रॉक धुतले होते.

"विजयाबाई, तुमचं उत्तर?"

"अगं, सांग की!" कमलाकरराव हसले.

विजयाबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि तवा उतरवला.

"अकरा," त्या म्हणाल्या. "अहो, चहा संपवा. दोघांचे कपडे भरायचेत."