उचलता येईल असा

दुकानदाराने एकेक करून तिन्ही ब्लोअर फरशीवर मांडले. धुतलेला गालिचा वाळवायचे पंखे हे. छताला नाही, जमिनीवर बसणारे. एक थोराड, गोगलगायीच्या शंखासारखा गोल. एक मध्यम. तिसरा बसका आणि सपाट, बॅगेसारखा हातात धरता येण्याजोगा.

"हाच घेऊ," थोराड ब्लोअरवर थाप मारत धाकटा म्हणाला. "अख्खा हॉल एका दमात वाळेल."

वहिनी खाली वाकून ब्लोअरची मूठ न्याहाळत होती.

थोरला भाऊ गेल्यापासून गालिचे धुण्याचा धंदा हे दीर-भावजय मिळून चालवत होते. डाग काढणं, मशीन फिरवणं, पाणी ओढून घेणं तिचं. जड सामान उचलणं आणि गाडी चालवणं त्याचं. जुना ब्लोअर परवा एका दवाखान्यात ऐन कामात जळाला. गालिचा ओलाच राहिला, सकाळी कुबट वास सुटला, आणि डॉक्टरीणबाईंनी "पुन्हा येऊ नका" म्हणून सांगितलं. आता नवा घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धाकट्याचं चित्त मात्र पंख्यात नव्हतं. त्याला एका हॉटेलात देखभालीची नोकरी लागली होती. बांधलेला पगार, हक्काची सुट्टी. त्याची बायको हरखून गेली होती. पण वहिनीला हे सांगायचं कसं, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता. आज सांगून टाकू, असं ठरवून तो घरातून निघाला होता आणि दुकानात आल्यापासून नुसता पंख्यांबद्दल बोलत होता. निदान जाण्याआधी तिला एक दमदार पंखा घेऊन द्यावा, एवढंच त्याला सुचत होतं.

वहिनीने थोराड ब्लोअरची मूठ धरली, तो गुडघ्यापर्यंत उचलला आणि परत खाली ठेवला. मग मधला घेऊन ती दुकानातल्या माळ्याच्या जिन्याकडे गेली. चार पायऱ्या चढली, कठड्याला टेकली, दम घेऊन खाली आली.

"अहो ताई, उचलायला माणूस देतो की मी," दुकानदार म्हणाला.

"रोज द्याल?"

दुकानदार हसला. धाकटाही हसला, पण जरा उशिरा.

तिसरा ब्लोअर घेऊन ती थेट माळ्यापर्यंत गेली आणि न थांबता उतरली. दुकानदाराने पाणी मारून ठेवलेल्या गालिच्याच्या तुकड्यापाशी तिने तो लावला. वारा जमिनीला धरून निघाला. तुकड्याचं टोक फडफडायला लागलं.

"याला जोर कमी आहे, वहिनी."

"एकाने भागलं नाही तर दोन लावीन. असे दोन द्या हो."

दुकानदार दुसरा आणायला माळ्यावर गेला.

"दोन म्हणजे दोन खेपा," धाकटा म्हणाला. "कशाला उगाच? मोठा मी उचलतो ना!"

"तुम्ही असाल तेव्हा ना, भाऊजी."

ब्लोअर घरघरत होता. धाकट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हॉटेलातून फोन आला होता मला," तुकड्यावर हात फिरवत वहिनी म्हणाली. "माणूस कसा आहे, विचारत होते."

"मग?"

"सांगितलं, कामाला वाघ आहे, बोलायला ससा."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वहिनी, मी सांगणारच होतो, आईशप्पथ."

"कधी? हे धूड तिसऱ्या मजल्यावर चढवताना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"तू नको म्हण. मी नाही जाणार."

"मी नको म्हणेन, याचीच भीती होती ना तुम्हाला?" तिने बटण बंद केलं. एकदम शांत झालं. "म्हणावंसं वाटलं होतं. फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. मग म्हटलं, पुरे. आधी पंखा बघू."

तेवढ्यात दुकानदार दुसरा ब्लोअर घेऊन जिना उतरला.

दोन्ही ब्लोअर वहिनीनेच बाहेर नेले. एकदा धाकट्याने हात पुढे केला, तेव्हा ती नुसती बाजूने निघून गेली. गाडी दुकानामागच्या मैदानात उभी होती. मैदान रिकामं होतं. पलीकडच्या भिंतीपर्यंत काही म्हणता काही नव्हतं. सामान मागे सरकवून तिने दार लावलं आणि धाकट्याच्या आधी पुढे जाऊन चालकाच्या दाराशी उभी राहिली.

"चावी द्या."

"तुला कुठे येते गाडी?"

"नाही येत, म्हणून तर."

त्याने चावी दिली आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूला बसला. त्या जागेवर तो कधी बसलाच नव्हता. पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

वहिनीने सीट जाईल तेवढी पुढे ओढली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि मान वाकवून खाली पायांपाशी पाहिलं.

"हं, सांगा आता," ती म्हणाली. "यातला क्लच कुठला?"