आठ नंबरची जर्सी

नेव्हिल अ‍ॅक्रॉइडनं टीमचा कागद फळ्यावर लावला, चार टाचण्या टोचल्या आणि मागं वळून तिथंच उभा राहिला. पळाला नाही! थॉर्नबी क्लबचे आधीचे कोच कागद लावून जे सटकायचे, ते थेट मॅच सुरू झाल्यावरच दिसायचे. हा हात बांधून उभा. म्हणाला, "वाचा. काय बोलायचंय ते तोंडावर बोला."

रग्बीची मॅच तीन वाजता. समोर रॉडली, टेकडीपलीकडचं गाव, शेजारी आणि वैरी. याच खोलीत नेव्हिल अकरा वर्षं तेरा नंबर घालून बसला होता, त्यातली सहा वर्षं कॅप्टन म्हणून. उन्हाळ्यात गुडघा गेला आणि गळ्यात शिट्टी आली. खोलीतल्या अर्ध्या लोकांच्या जोडीनं त्यानं मैदानात दात पाडून घेतले होते. आता त्यांच्यातला कोण खेळणार नि कोण बसणार, ते त्यानंच ठरवायचं.

सगळ्यांची नजर आठ नंबरवर गेली. आठ नंबर म्हणजे पहिली धडक घेणारा. चौदा वर्षं तिथं एकच नाव असायचं, क्लिफ हेब्डन. आज तिथं ऑग्डेन लिहिलं होतं. ऑग्डेन वीस वर्षांचा, खांदे कानाला टेकलेला गडी, तो बिचारा मोजा अर्धा चढवून तसाच थांबला.

आणि क्लिफ म्हणजे नेव्हिलच्या बायकोचा सख्खा भाऊ!

"काय दाजी," क्लिफ म्हणाला. बुटांच्या नाड्या आवळून तयार बसला होता तो. "माझं नाव लिहायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. मीच नाही लिहिलं."

"रॉडलीच्या मॅचला?"

"रॉडलीच्याच मॅचला."

"आज आईकडे जेवायला येणार आहेस ना? ताटात गवत वाढेल ती तुला."

"वाढू दे. वरून ग्रेव्ही घाला म्हणेन."

दोघंतिघं फिसकन हसले. क्लिफ नाही हसला. उठला. तो उठला की खोली लहान व्हायची.

"कारण सांग. इथं, सगळ्यांसमोर."

नेव्हिलची पापणी लवली नाही. "पाय मंद झालेत तुझे."

"पाय? अरे, चौदा वर्षं मंदच आहेत ते! पळता येत असतं तर धडका खात बसलो असतो का? तिकडं कडेला विंगवर केस विंचरत उभा नसतो राहिलो?"

आता सगळेच हसले, विंगवाला सुद्धा. कारण टिकलं नाही, हे सगळ्यांना कळलं. नेव्हिललाही कळलं. तरी तो जागचा हलला नाही.

"कागद बदलणार नाही, क्लिफ. राग असेल तर मॅचनंतर मागच्या गल्लीत ये. एका गुडघ्यावर लढतो तुझ्याशी."

"खरं कारण सांग, नेव."

नेव्हिलनं ऑग्डेनला मोजा चढवायची खूण केली.

तेवढ्यात दार ढकलून एनिड हेब्डन आत आली. दोन्ही हातांवर हनुवटीपर्यंत इस्त्रीच्या जर्स्या. क्लबचे कपडे तीस वर्षं तीच धूत होती. क्लिफची आई, नेव्हिलची सासू. सगळी खोली एक पाऊल मागं सरली. कुणीतरी पुटपुटलं, "संपला कोच."

तिनं जर्स्या बाकावर ठेवल्या. चष्मा लावला. कागद वाचला, अगदी खालपर्यंत.

"बघ आई, तुझ्या जावयाचे प्रताप."

"बघितले." तिनं चष्मा काढला. "क्लिफर्ड, गेल्या रविवारी कोण जिंकलं?"

"हे काय मधेच?"

"सांग."

"आपण! शेवटच्या मिनिटाला मीच नाही का रेषेपलीकडं बॉल टेकवला, त्या कोपऱ्यात?"

हसत हसत त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. कुणीतरी हो म्हणेल म्हणून. एक जण वाकला आणि बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला.

गेल्या रविवारी थॉर्नबीनं अठ्ठावीस पॉइंटांनी मार खाल्ला होता. कोपऱ्यातला बॉल क्लिफनंच टेकवला होता, पण तो तीन वर्षांपूर्वी.

"सासूबाई, पुरे," नेव्हिल हळूच म्हणाला.

"तू गप्प बस. पाय म्हणालास ना त्याला? ऐकलं मी दाराबाहेर. मन चांगलं आहे तुझं, पण खोटं बोलणं जमत नाही." मग ती क्लिफकडं वळली. आवाज एकदम खाली आला. "तुझे बाबापण आठ नंबरच होते, डोक्यावर धडका खाणारे. आज सकाळपासून तीनदा विचारलंय त्यांनी मला, टीमची बस कधी सुटणार; खेळणं सोडून जमाना झाला त्यांना. घरात एक पुरे आहे मला."

क्लिफ खाली बसला. भुवईवरच्या टाक्यांवरनं त्यानं एकदा बोट फिरवलं. मग नेव्हिलकडं पाहिलं. नेव्हिलनं नजर चुकवली नाही.

"उद्या सकाळी डॉक्टरकडं जायचंय," नेव्हिल म्हणाला. "नऊला गाडी घेऊन येतो."

"विचारतोयस का सांगतोयस?"

"सांगतोय. कोच आहे मी."

बाहेर लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली होती, लाकडी स्टँड दणाणत होता. क्लिफनं हात लांब करून जर्स्यांमधून आठ नंबरची ओढली. अजून गरम होती. मांडीवर धरून तो जरा वेळ बसला, मग सरळ ऑग्डेनच्या छातीवर फेकली.

"बाही फाटली तर मला येऊन सांग," तो म्हणाला. "आईला नको."