परातीतलं सोनं

बागेच्या ऑफिसरने सारंगचं वर्क पासचं कार्ड मागून घेतलं. हातात वाळूने भरलेली परात घेऊन ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर माणसाने कितीही सभ्य दिसायचा प्रयत्न केला तरी तो फुकटच जातो.

परात खास वाळूतून सोनं धुवून काढायची, हिरवी, खाचा पाडलेली. तीन महिने ती पलंगाखाली दसऱ्याच्या मुहूर्ताची वाट बघत होती. सिंगापुरात कायम राहायचा अर्ज, म्हणजे पीआर, अजून वर अडकलेला होता आणि कस्तुरीने नवऱ्याला बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत साधा दंडसुद्धा व्हायला नको." म्हणून तर सारंगने पुंगोलच्या बागेतली पाटी दोनदा वाचली. मासे धरू नका, पोहू नका, कबुतरांना खायला घालू नका. सोन्याचं नावच नव्हतं.

"सँड कॅनॉट टेक," ऑफिसर म्हणाला. "स्टोन, प्लांट, ऑल कॅनॉट. यू फाइंड गोल्ड ऑर नॉट?"

"नो सर! नो गोल्ड."

नेमकी तेव्हाच आई काठाने आली. परवाच पुण्याहून आलेली, नवी साडी नेसलेली, हातात फुगलेली कापडी पिशवी. गणवेशातला माणूस बघून तिने पिशवी पुढे केली.

"गोल्ड!" आई हसून म्हणाली. "टेक, टेक."

सारंगने डोळे मिटले. आठ वर्षांची नोकरी, लेकीची शाळा, सगळं त्या पिशवीत गेलं असं त्याला वाटलं.

ऑफिसरने पिशवीत हात घातला. बाहेर आली ती पानं, मधोमध दुभंगलेली, हिरवी-पिवळी.

"प्लक फ्रॉम ट्री?"

"आई, झाडावरची तोडलीस का गं?" सारंगचा आवाज चिरकला.

"मी कशाला तोडू? खाली सडा पडलाय. तुझ्या बायकोने विमानतळावरच दम दिलाय, इथे पानाला हात लावायचा नाही म्हणून. आपटा नाहीये, कांचन आहे. चालतो."

सारंगने घाईघाईने सगळं इंग्रजीत सांगितलं. आज आमचा सण, ही पानं म्हणजे आमचं सोनं, ती एकमेकांना द्यायची. ऑफिसर कधी पानाकडे बघे, कधी परातीकडे. मग त्याला हसू आवरेना.

आईला तेवढं पुरलं. तिने एक पान त्याच्या तळहातावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

"व्हॉट शी से?"

"टेक गोल्ड," सारंग म्हणाला, आणि पुढच्या शब्दाला जरासा अडखळला. "अँड स्टे. लाइक गोल्ड."

ऑफिसरने पान खिशातल्या पेनाशेजारी खोचलं आणि कार्ड परत केलं. काहीच लिहून घेतलं नाही.

"स्टे, कॅन," तो म्हणाला. "डिगिंग, कॅनॉट."

तो वळणाआड जाईपर्यंत सारंग तसाच उभा होता. मग त्याने परात पाण्यात उपडी केली. वाळू बघितलीसुद्धा नाही.

"काय म्हणाला रे तो?" आईने विचारलं.

सारंग काठावर आला आणि ओल्या पँटनेच तिच्या पाया पडला.

"राहा म्हणाला."